मिरचीच्या हंगामातली शांतता

मार्च अर्धा सरला की आमच्या गल्लीला लाल रंग चढतो. दारापुढं, पत्र्यावर, तालमीच्या कट्ट्यावर जुनी लुगडी अंथरून मिरच्या वाळत घातलेल्या असतात. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी तिखटासाठी, आणि कुठली किती घ्यायची हा प्रत्येक घराचा स्वतंत्र कारभार. दुपारी कुठल्या तरी चुलीवर खोबरं आणि धणे भाजायला घेतात. मग लसूण सोलत बसलेल्या बायकांच्या गप्पा, मग ठसका. त्या दिवसांत कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून सायकलवरून जाणारा परका माणूससुद्धा शिंकल्याशिवाय पुढं जात नाही.

यंदा कोपऱ्यावर कांडपाचं मशीन आलं आहे. त्याची मोटर सुरू झाली की आमच्या फडताळातल्या कपबशा किणकिणतात. माझी धाकटी मुलगी चौथीत आहे. परवा पाढे म्हणता म्हणता तिनं विचारलं, "अब्बा, तुमच्या परीक्षेच्या वेळी पण असाच आवाज असायचा?" मी हो म्हणालो. शाळेपुरतं ते खरंही होतं. पण मग उगाचच हुरहुर लागली. माझ्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षी, ऐन मिरचीच्या हंगामात, आमच्या गल्लीत आवाजच नव्हता. कित्येक दिवस एकाही दारात मुसळ उचललं गेलं नाही. ती शांतता माझ्यासाठी केलेली होती. तिच्यात मी कसा कोंडला गेलो होतो ते नीट सांगता येईल की नाही, मला ठाऊक नाही. ज्यांनी कोंडलं ती सगळी माझीच माणसं होती, म्हणून तर सांगताना अजून बिचकायला होतं.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. अब्बांचं शिलाईचं दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. शाळेचे गणवेश, म्हाताऱ्यांच्या बंड्या, आणि समोरच्या तालमीतल्या पैलवानांचे लंगोट आणि जांगे. मी अक्षरं शिकलो ती मशीनच्या खाली बसून. पाटी मांडीवर, आणि कानाशी अब्बांच्या पायांखालची पट्टी खाली-वर होतेय. मागच्या दारी हौसाक्काचं उखळ. हौसाक्का आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. नवरा लवकर गेलेला, आणि साऱ्या गल्लीची वर्षाची तिखट चटणी तिच्याच हातची. पुढून मशीनची खडखड, मागून मुसळाचा धप्प धप्प, आणि समोर तालमीत कुणीतरी शड्डू ठोकतंय. या तिन्हींच्या मधल्या जागेत मी वाचायचो. दुसरी जागा मला माहीतच नव्हती.

बारावी झालो त्या उन्हाळ्यात, मी पुढं काय शिकायचं हे ठरवायला तालमीत बैठक बसली. ऐकणाऱ्याला गंमत वाटेल. पण आमच्या गल्लीत लग्नं, भांडणं, नळाच्या पाळ्या, मोहरमचे पंजे आणि भाद्रपदातला गणपती, सगळं तालमीतच ठरायचं. तसं हेही ठरलं. मध्ये बसले होते बापूसो वस्ताद. तालीम त्यांच्या ताब्यात होती आणि गल्लीही जवळजवळ त्यांच्याच. थोराड देह, कुस्त्यांनी चेपलेले कान, आणि समोरच्याला बहिरा समजून बोलावं तसा आवाज.

"तुमच्या कालेजात सरकार चालवायचं शिकवत्यात का न्हाय?" त्यांनी मला विचारलं.

"राज्यशास्त्र असतंय. त्यात लोकप्रशासन असतंय."

"म्हंजी काय?"

"म्हणजे कारभार. सरकार कसं चालतंय, कोण ठरवतंय, ते."

"मग झालं की. त्येच घ्यायचं." आणि अब्बांकडं वळून, "मास्तर, पोरगं मामलेदार हुणार तुमचं."

अब्बा गळ्यात टेप अडकवूनच आले होते. ते फक्त मान हलवत राहिले. आनंद झाला की ते तसंच करायचे. मला मशीनवर बसायचं होतं. कापडाची घडी उलगडताना येणारा वास मला आवडायचा, खडूची रेघ आवडायची. पण एवढी माणसं माझ्याकडं बघत असताना मला तोंड उघडता आलं नाही. शिवाय खरं सांगायचं तर लोकप्रशासन म्हणजे काय हे मलाही तेव्हा त्या एका वाक्यापलीकडं माहीत नव्हतं.

कॉलेजात प्रवेश मिळाला त्या आठवड्यातच तालमीत माझा सत्कार झाला. आमच्याकडं मैदान मारून आलेल्या पैलवानाला बांधतात तसा फेटा वस्तादांनी स्वतः माझ्या डोक्याला बांधला. हलगी वाजली. मी पुटपुटलो, "वस्ताद, ह्ये पास झाल्यावर करत्यात." तर म्हणाले, "तवाबी करू की. आता बांधला तर काय वाया जातोय?" आमच्या माणसांची समजूत साधी होती. तीन वर्षं ज्याचं शिक्षण घ्यायचं, तीन वर्षांनी ते व्हायचं. सुताराकडं राहिलेला सुतार होतो. सरकार शिकलेला सरकारात जाणार. त्यात चुकीचं काय आहे हे मला आजही त्यांना समजावून सांगता येणार नाही. फेटा मात्र जड होता. घरी येऊन उतरवला तरी कपाळाभोवतीचा ताण कितीतरी वेळ जाईना.

"आपल्या गल्लीचा एक माणूस आत पाहिजे," वस्ताद वरचेवर म्हणायचे. आत म्हणजे कुठं, तर जिथं टेबल आहे, खिडकी आहे आणि खिडकीबाहेर रांग आहे तिथं. आमच्या गल्लीला नळ एकच, तोही पार तोंडाशी. शेवटच्या घरापर्यंत घागरी वाहून बायकांच्या कमरा गेल्या होत्या. दुसऱ्या नळासाठी तालमीतली माणसं कितीदा जाऊन आली, दर वेळी कुणी तरी उद्या या म्हणालं. आत आपलं कुणी नाही म्हणून असं होतं, हे गल्लीनं ठरवून टाकलं होतं.

विषय मला आवडायला लागला, हे मात्र लपवता येत नाही. आमचे सर तरुण होते, कोकणातून आलेले, कोल्हापूरच्या तिखटानं बेजार. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "तुमच्या गल्लीतला नळ आहे तिथंच का आहे? चार घरं पुढं का नाही?" वर्ग हसला. मी हसलो नाही.  ते म्हणाले, "हे कुणी ठरवलं, कशाच्या आधारानं, आणि ठरलेलं लोकांपर्यंत पोचलं का, याचा आपण तीन वर्षं अभ्यास करणार आहोत." त्या दिवशी घरी येताना मी नळापाशी थांबून तोटीकडं बघत उभा राहिलो. बायकांना वाटलं, पोराला तहान लागली.

धोरण, अंमलबजावणी, पदसोपान म्हणजे अधिकाऱ्यांची उतरंड. शब्द मोठे होते आणि मी ते गणवेशाच्या कापडासारखे पुन्हा पुन्हा हातानं चाचपायचो. आदेशाची एकता असं एक तत्त्व होतं, एका माणसाला एकच वरिष्ठ असावा. ते वाचताना मला हसू यायचं. मला वरिष्ठ म्हणजे वस्ताद, अब्बा, अम्मा, हौसाक्का, तालमीतले सगळे पैलवान, आणि रस्त्यात भेटून "कधी हुणार रं सायब?" विचारणारा कुणीही. निर्णय कसे घेतले जातात यावर मी वीस-वीस पानं लिहायचो. माझ्या वाटणीचा एकही निर्णय मी घेतलेला नव्हता.

मग ते शेवटचं वर्ष आलं, आणि तो मार्च.

वस्तादांनी मला तालमीची माडी दिली. माडी म्हणजे आखाड्याच्या वरची बुटकी खोली. तिथं ढोल, लेझीम, पंजांचं सामान, गणपतीच्या सजावटीचे कागद असं सगळं वर्षभर पडून असायचं. ते एका बाजूला सारून चटई टाकली. रस्त्याच्या बाजूला गज असलेली एक खिडकी. "हितं तुला कोण तरास देणार न्हाय," वस्ताद म्हणाले, आणि जाताना त्यांनी दाराला बाहेरून कडी घातली. पोरंसोरं वर चढू नयेत म्हणून. काही लागलं तर हाक मार म्हणाले, कुणी ना कुणी खाली असतंच. दुसऱ्या दिवशीही कडी लागली. मग ती रीतच होऊन गेली. जेवण घेऊन येईल त्यानं कडी काढायची, ताट नेईल त्यानं घालायची.

आणि खाली गल्ली गप्प झाली. कुणी कुणाला तसं फर्मान काढलं होतं का, मला माहीत नाही. वस्तादांनी आखाड्याच्या हौदात शड्डू ठोकायला बंदी केली. पैलवान मुक्यानं कुस्त्या खेळू लागले. वरून मला फक्त मातीत देह आपटल्याचा दबका आवाज यायचा, आणि त्या पाठोपाठ "हळू की रं". कल्हईवाला गल्लीच्या तोंडाशी आला की त्याला परत पाठवायचे. कुणी ट्रान्झिस्टर लावला तर तीन घरांतून ओरडा व्हायचा, "गप करा ते, वर रशीदचा अभ्यास चाललाय." खरं तर त्या दिवसांत गल्लीत जो काही आवाज व्हायचा तो एकमेकांना गप्प करण्याचाच.

हौसाक्कानं उखळ-मुसळ उचलून पलीकडच्या गल्लीत नणंदेच्या दारात नेलं. आणि एका सकाळी खिडकीतून बघतो तर अब्बा आणि दोन पैलवान आमचं शिलाईचं मशीन हातगाडीवर चढवतायत. ऐन लग्नसराईचे दिवस, वर्षातलं सगळ्यात जास्त काम त्याच दोन महिन्यांत. अब्बा ते मशीन दुसऱ्या पेठेतल्या माझ्या मामांच्या दुकानात घेऊन निघाले होते, कारण त्याची खडखड थेट माडीपर्यंत येते. हातगाडी हलली तेव्हा त्यांनी वर बघितलं आणि हात केला. वाच, वाच.

मी वाचू शकत नव्हतो. पुस्तक समोर, ओळीवर बोट, आणि डोक्यात काही शिरत नाही. खालून मिरच्यांचा वास येत होता, भाजलेल्या खोबऱ्याचा येत होता. आवाज तेवढा नव्हता. घरात चूल पेटलेली दिसावी आणि घरातलं कुणी दिसू नये, तसं ते वाटायचं. मी कान देऊन बसायचो. एखादं मुसळ चुकून तरी पडेल, एखादी बाई कुणावर तरी उखडेल. कौलांवर ऊन तापल्याचा बारीक कटकट आवाज यायचा, बाकी काही नाही. तीच ती ओळ मी इतक्यांदा वाचली की अक्षरं नुसती किडे वाटू लागली. प्रशासन निःपक्षपाती असावे. आत बसलेला अधिकारी कोणा एकाचा नसतो. या ओळीवर येऊन तर मी थांबूनच जायचो. खाली माझ्यासाठी ओठ मिटून बसलेली अख्खी गल्ली, आणि पुस्तक म्हणतंय, तू यांचा नसायला हवंस.

हे सांगायचं कुणाला? तुमच्या मायेनं माझा जीव गुदमरतोय, असं अब्बांना सांगणार? नापास झालो तर मी एकटा नापास होणार नव्हतो. ते मुके पैलवानही होणार होते.

एका दुपारी हौसाक्का ताट घेऊन वर आली. अम्माला बरं नव्हतं. कडी काढून आत आली आणि मला न्याहाळत उभी राहिली.

"काय रं, वाळलास की पार. भाकरी जातीया का न्हाय खाली?"

"आक्का, लांब पडत असंल न्हवं तुम्हाला पलीकडच्या गल्लीत?"

"पडतंय की. हात भरून येत्यात मिरच्या न्हेऊन-आणून. नणंद बी काय गोड बोलत न्हाय. पर तुझं ध्यान लागाय पाहिजे."

"लागत न्हाय."

"काय लागत न्हाय?"

"ध्यान." मी खाली बघूनच बोललो. "आक्का, मला लहानपणापासनं तुमच्या उखळाच्या आवाजात पाठ व्हायचं. अब्बांचं मशीन चालू असायचं. आता सगळं गप झालंय तर एक अक्षर डोक्यात जाईना."

तिनं ताट खाली ठेवलं. मग ढोलावर बसली.

"म्हंजी आमी समदी उगंच हाल काढतोय व्हय?"

मी चटईची काडी उपटत राहिलो.

"आनि त्ये पैलवान मुक्यानं कुथत्यात त्ये बी उगंच?"

"व्हय."

"मग आधी बोलायचं न्हाय व्हय, मुडद्या," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. ढोल तिच्या खाली घुमत होता. कित्येक दिवसांनी त्या खोलीत आवाज झाला होता. मलाही हसू फुटलं, आणि मग कोण जाणे का, डोळे भरून आले. तिनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. "जेव," म्हणाली. "उद्या सकाळी बघ."

दुसऱ्या सकाळी आमच्या मागच्या दारातून पहिला धप्प आला. मग दुसरा. हौसाक्काचा हात एका लयीत पडायचा आणि दर काही घावांनंतर ती मिरची हलवायला थांबायची. तेवढ्यात मी पान उलटायचो. पदसोपान, धप्प. अधिकारांचे प्रत्यायोजन, धप्प. त्या सकाळी मी एक अख्खं प्रकरण संपवलं.

दुपारी जिना वाजला. वस्ताद स्वतः आले होते. कडी काढून आत आले, वाकून, कारण छत त्यांच्या उंचीचं नव्हतं. माझ्यासमोर मांडी घालून बसले.

"तुला आवाज पाहिजे म्हणं."

"व्हय, वस्ताद."

"आनि काय पाहिजे?"

त्यांनी सहज विचारलं असेल. पण इतक्या वर्षांत मला कुणी असं विचारलेलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मला मामलेदार व्हायचं न्हाय. अब्बांच्या मशीनवर बसायचंय."

त्यांनी आपला चेपलेला कान चोळला. "कवापासनं?"

"पहिल्यापासनं."

"मग फेटा बांधून घेतलास त्यो?"

"तुम्ही बांधला."

खाली मुसळ चालू होतं. मला वाटलं, आता जे व्हायचं ते होऊ दे, आणि मी पुस्तक त्यांच्याकडं सरकवलं, जसं काही ते वाचणारच होते. "आणि वस्ताद, आत गेलो तरी मी तुमचा राहणार न्हाय. ह्यात लिहिलंय. आत बसलेला माणूस कुणाचाच नसतो. सगळ्यांना नियम सारखा."

"ज्यानं ह्ये लिवलं," वस्ताद म्हणाले, "त्येचा कोण ना कोण आत बसलेला असणार. त्याबिगर असलं सुचत न्हाय."

मी हसलो. ते हसले नाहीत. पुस्तकावर पंजा ठेवून म्हणाले, "नळाचं सांगायला मी गेलतो कचेरीत. त्या खिडकीत एक पोरगा, माझ्या नातवाएवढा. खाली मान घालूनच म्हणाला, पलीकडं जा. पलीकडं गेलो. त्यो म्हणाला, अलीकडं जा. दिसभर नुस्ता अलीकडं-पलीकडं. मैदानात हरलो तर समोरचा गडी हात तरी मिळवतोय रं. नियम सारखा तर सारखा. नळ बी ऱ्हाऊ दे. पर आतल्या माणसानं मान वर करून बघायला पाहिजे का नको?"

 आमच्या पुस्तकात त्याचं प्रकरण नव्हतं.

ते उठले. "मशीनवर बसायचं आसंल तर बस. मास्तरला मी सांगतो. आनि कडी आता आतनं लाव, पाहिजे तर."

त्या दिवशी मी सुटलो, असं म्हणायला मला आवडेल. तसं झालं नाही. कडी बाहेरून होती तोवर मला निदान चिडता येत होतं. आता दार उघडं होतं, जिना मोकळा होता, आणि मी चटईवर बसूनच राहिलो. कुणी अडवत नसताना निघून जाणं मला जमेना. संध्याकाळी कसाबसा मामांच्या दुकानात गेलो. अब्बा एका नवरदेवाच्या कोटाला अस्तर लावत होते. वस्ताद त्यांना आधीच भेटून गेले होते.

"मशीनवर बसायचंय म्हणे तुला," अब्बा म्हणाले. मान वर न करता एक चिंधी माझ्याकडं टाकली. "मार टीप."

मी बसलो. पाय पट्टीवर ठेवले. सरळ टीप मारायची होती, हातभर. मारून दिली. अब्बांनी चिंधी उजेडात धरली.

"वाकडी आली."

"सवय न्हाय."

"लहानपणी बी वाकडीच यायची. चोरून बसायचास तवा मी उसवत होतो मागनं." आता त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बेटा, हात न्हाय तुझा ह्यात. म्हणून तर मी तालमीत काय बोललो न्हाय. शिकून सुधारंल, न्हाय असं न्हाय. पण मला खुळ्यात काढू नकोस. परीक्षा दे, मग ये. मशीन कुठं जातंय?"

येताना रंकाळ्याच्या बाजूनं मोठा वळसा घेऊन घरी आलो. पाण्यावर दिवे लागले होते. ज्या दाराकडं मी तीन वर्षं आशेनं बघत होतो ते दारही माझं नव्हतं, हे कळायला एक हातभर टीप पुरली. रागवायला कुणी उरलं नव्हतं. आजही मी कुणा विद्यार्थ्याला खिडकीत पुस्तक धरून बसलेला बघतो तेव्हा मला तो वळसा आठवतो. त्याला कुणी कोंडलंय का, हे बाहेरून कळत नाही. कदाचित त्यालाही कळत नसेल.

अब्बांचं मशीन दुसऱ्या दिवशी हातगाडीवरून परत आलं. पैलवानांनी शड्डू ठोकले ते असे की माडीच्या कौलांची धूळ पुस्तकावर पडली. त्या सगळ्या गोंगाटात मी परीक्षेचा अभ्यास केला आणि परीक्षा दिली. धोरणाच्या अंमलबजावणीवर प्रश्न आला तेव्हा मी आमच्या नळाबद्दल लिहिलं. सरांनी नंतर सांगितलं, पेपर तपासणाऱ्याला असली उदाहरणं आवडत नाहीत. दुसरा वर्ग मिळाला. मामलेदार झालो नाही. त्या परीक्षेला बसलो आणि नापास झालो. कारकुनाच्या परीक्षेत निघालो आणि एका सरकारी कचेरीत, रेशनकार्डाच्या खिडकीत मला बसवलं.

गल्लीला हे पुरेसं होतं. मी आत होतो. पुढं गावभर नवी पाइपलाइन पडली तेव्हा ओघानं आमच्या गल्लीतही दुसरा नळ आला. त्याचा आणि माझा काडीचा संबंध नव्हता, माझं खातंही वेगळं. हे मी घराघरांत जाऊन सांगितलं. बायका ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बघा, केलं तरी बोलून दाखवत न्हाय." शेवटी मी सांगायचं सोडून दिलं.

पण मला सांगायचा आहे तो दिवस त्याच्या आधीचा. मी खिडकीत बसायला लागून थोडेच दिवस झाले होते. उन्हाळाच होता. रांग व्हरांडा ओलांडून आवाराच्या फाटकापर्यंत गेलेली. कुणीतरी खिडकीच्या कडेनं आत वाकून हाक मारली, "रशीद." आवाज असा की बाजूच्या टेबलावरच्या साहेबांनीही बघितलं.

बापूसो वस्ताद होते. डोक्याला पटका, हातात पिशवी. धाकट्या सुनेचं नाव कार्डावर चढवायचं होतं. ते थेट पुढं आले होते आणि रांगेतली माणसं त्यांच्या अंगाकडं बघून गप्प होती.

मी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत बघितलं.  म्हणालो, "वस्ताद, रांग तिकडनं हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं.  मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि सावकाश चालत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

मी पुढचं कार्ड घेतलं.  फाटकापासून त्यांचा आवाज आत येत होता, तो कुठूनही आलाच असता.

"आत बसलाय त्यो आमच्या गल्लीचा हाय. आमच्या माडीवर शिकलाय."

"मग तुमी रांगेत कशापायी, पावणं?" कुणीतरी विचारलं.

"त्येलाच इचारा की. पुस्तकात तसं लिवलंय म्हणं."

माणसं हसली. तेही हसले.  त्या दिवशी मी प्रत्येक माणसाकडं मान वर करून बघितलं. रांग त्यामुळं थोडी हळूच सरकली असेल. वस्तादांच्या पुढं दोनच माणसं उरली होती तेव्हा जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली. घंटेला खिडकी लावायची असा नियम. तिघांचं काम अजून उरकता आलं असतं. साहेबांनी घड्याळाकडं बघितलं, मी वस्तादांकडं. मग मी खिडकी लावली.

डबा घेऊन मागच्या दारानं बाहेर आलो. रांगेत आता माणसं नव्हती, त्यांच्या चपला होत्या, ज्याच्या त्याच्या जागेवर ओळीनं ठेवलेल्या. तिसऱ्या जागी वस्तादांचं जाड पायताण. ते स्वतः अनवाणी, लिंबाच्या सावलीत पारावर बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो.  डबा उघडला आणि त्यांच्यापुढं सरकवला. भाकरी होती, वांगं होतं. त्यांनी भाकरी मोडली, अर्धी माझ्या हातात दिली आणि बंद खिडकीकडं बघत खाऊ लागले.

"कवा उघडतोय त्यो आतला?" त्यांनी विचारलं.

"दोनला."

"मग जेव निवांत," वस्ताद म्हणाले. "त्येला आपण काय सांगणार."